‘बघतो’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

(चाकण परिसरातल्या कारखान्यांत नव्यानं नोकरीला लागलेल्या डिप्लोमा आणि आयटीआयच्या मुलामुलींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. तुमच्यातले बरेच जण फर्स्ट शिफ्ट करून थेट इथं आलेत, ते डोळ्यांवरून कळतंय. कोणाला डुलकी लागली तर शेजाऱ्यानं उठवू नये. घोरायला लागला तरच उठवा.

मी क्वालिटी विभागात चोवीस वर्षं काढली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा. पहिल्या नोकरीत माझ्या टेबलावर फोन होता आणि तो वाजला की मला नेमकं बाथरूमला जायचं असायचं. एक दिवस उचलावाच लागला. पलीकडे तमिळनाडूचा सप्लायर. त्याचं इंग्रजी बेताचं, माझं त्याहून बेताचं. तो म्हणाला ‘फिफ्टीन बॉक्सेस’, मी ऐकलं ‘फिफ्टी’, आणि ‘येस, येस’ म्हणून सुटले. दुसऱ्या दिवशी लाइनला पन्नास पेट्या हव्या होत्या, आल्या पंधरा. दुपारी लाइन बंद. माझ्या साहेबांनी मला काय काय ऐकवलं ते मात्र अस्सल मराठीत होतं, त्यात समजायला काही अडचण आली नाही.

फिफ्टीन आणि फिफ्टी हे दोन्ही शब्द मला शाळेपासून येत होते. व्याकरण कुठं आडवं आलं नव्हतं. ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?’ एवढं विचारायचं होतं. ते मला सुचलंही होतं. पण पुन्हा विचारलं तर याला वाटेल हिला इंग्रजी येत नाही, म्हणून गप्प बसले.

आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुम्ही दहा-दहा वर्षं इंग्रजी शिकून आलात, तरी फोन वाजला की तुमचंही तेच होतं. कारण शाळेतलं इंग्रजी पेपरात लिहायचं होतं. पावसाळ्यावर दहा ओळी. कारखान्यात मला आजवर कोणी पावसाळ्याबद्दल विचारलेलं नाही. ऑगस्टमध्ये गंजलेल्या पार्टबद्दल विचारलंय, ते वेगळं.

तर आज मी व्याकरण शिकवणार नाही. तुम्ही दिवसभर मराठीत जी वाक्यं बोलता त्यांचं काय करायचं, तेवढंच बोलू.

‘ड्रॉइंग पाठव’, ‘ड्रॉइंग पाठवा’, ‘जरा ड्रॉइंग पाठवता का?’ या तिन्हींतला फरक लहान पोरालाही कळतो. आता ‘सेंड द ड्रॉइंग’ घ्या. हे म्हणताना आपण मनात ‘पाठवा’ म्हटलेलं असतं, मान दिलेला असतो. पण इंग्रजी ‘सेंड’मध्ये पाठव आणि पाठवा एकच. आपण दिलेला मान वाटेतच गळतो आणि पलीकडच्याला ऐकू येतं, ‘ए, ड्रॉइंग पाठव.’ मग कोणीतरी सांगतं, प्लीज लाव. ‘प्लीज सेंड द ड्रॉइंग’ बरं आहे, पण तो अजून हुकूमच आहे, फक्त आंघोळ करून आलेला.

खरं तर आपल्याकडे ‘पाठवता का’ आहेच की. ‘कुड यू सेंड द ड्रॉइंग?’ हे शब्दशः तेच. इंग्रजीत अहो-जाहो नाही, यू म्हणजे तूही आणि तुम्हीही. म्हणून त्यांना सगळा आदर ‘कुड’ आणि ‘वुड’मध्ये भरावा लागतो. शाळेत आपल्याला सांगितलं की ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ. तोंडपाठ केलं आपण. कारखान्यात बहुतेक वेळा ‘कुड’चा भूतकाळाशी काही संबंध नसतो, तो आपला ‘अहो’ असतो. एवढं मला कोणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर दोन सप्लायर माझ्याशी जरा बरे वागले असते.

आता ‘बघतो’. मराठीतला हा फार गुणी शब्द आहे. आईनं ‘बघते’ म्हटलं की काम झालंच, आणि तालुक्याच्या ऑफिसात ‘बघतो’ म्हटलं की समजायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा खेप. सूर ऐकून आपल्याला अर्थ कळतो. एकदा ऑडिटला एक जर्मन गृहस्थ आले होते. त्यांनी विचारलं, हा पॉइंट कधी क्लोज होणार? आमचा सुपरवायझर म्हणाला, ‘आय विल सी.’ त्याच्या मनात आईचं ‘बघते’ होतं. तो माणूस रात्री थांबून काम पुरं करणारा. ऑडिटरना ऐकू आलं तालुक्याचं. त्यांनी वहीत लिहिलं, तारीख दिली नाही.

‘बघतो’ऐवजी असं म्हणा: ‘आय विल चेक अँड कॉल यू बाय फोर.’ कोण करणार, काय करणार, किती वाजेपर्यंत. उत्तर माहीतच नसेल तर ‘आय डोन्ट नो येट. आय विल टेल यू बाय फोर.’ त्यातला ‘येट’ विसरू नका. ‘आय डोन्ट नो’ म्हणजे मला काय माहीत! ‘येट’ लावला की ‘अजून’ माहीत नाही, माहिती काढतोय.

‘बघतो’चा सख्खा भाऊ म्हणजे ‘राहून गेलं’. मेल टाकायचा राहून गेला. बघा, मेल स्वतःच राहिला, आपण त्या वेळी गावात नव्हतोच. काच फुटते, चूक होते, फाइल सापडत नाही. आपल्या भाषेत कर्त्याला लपायला भरपूर जागा आहे, आणि घरात ती बरीही असते, भांडणं कमी होतात. इंग्रजीत ‘द मेल रिमेन्ड’ चालत नाही. तिथं उभं राहून म्हणावं लागतं, ‘आय मिस्ड इट. आय अ‍ॅम सेंडिंग इट नाउ.’ सुरुवातीला घशात अडकतं. माझं आजही अडकतं. पण हे वाक्य जो माणूस लवकर म्हणतो त्याच्यामागे कस्टमरचे फोन कमी येतात, हे मी पाहिलंय.

तुम्ही ज्यांच्याशी इंग्रजीत बोलणार त्यातले किती जण जन्मापासून इंग्रजी बोलतात? इथं फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे, रांजणगावला एलजी आहे. पलीकडे जर्मन, कोरियन, जपानी, नाहीतर कोइमतूरचा माणूस. तेही शिकूनच बोलतात आणि त्यांचीही भाषा मधूनच डोकं वर काढते. जर्मन माणूस ‘अंटिल फ्रायडे’ म्हणाला तर बरेचदा त्याला ‘बाय फ्रायडे’ म्हणायचं असतं, कारण त्यांच्याकडे दोन्हीला ‘बिस’ हा एकच शब्द. हसू नका, आपल्याकडेही ‘पर्यंत’ एकच. ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ म्हणजे अंटिल, ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’ म्हणजे बाय. पंचवीसमध्येही आधी पाच मग वीस, त्यांच्याकडेही तसंच. त्यामुळे आकडे उलटे लिहायची सवय दोघांनाही लागू शकते. आणि त्यांच्या ड्रॉइंगवर दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम असतो. 1,500 हे तुम्हाला दीड हजार, त्यांना दीड. मिलिमीटरमध्ये हा फरक किती महाग पडतो ते मशीनवरच्या माणसाला विचारा.

म्हणून आकडा ऐकला की परत म्हणून दाखवायचा, एकेक अंक सुटा करून. तारखेत महिना अक्षरात लिहायचा. 4/5 म्हणजे आपला चार मे, अमेरिकेतल्या माणसाचा पाच एप्रिल.

आणखी एक खड्डा. ‘मटेरियल आलं नाही ना?’ ‘हो.’ म्हणजे नाही आलं. जपानीतही उत्तर असंच देतात. इंग्रजीत तिथं ‘नो’ लागतं. नियम पाठ करू नका, फोनवर ऐन वेळी आठवत नाही. येस-नो सोडून द्या आणि पूर्ण वाक्य म्हणा: ‘वुई हॅव नॉट रिसीव्हड द मटेरियल.’ संपला घोळ.

मेलबद्दल थोडक्यात. ‘डू द नीडफुल’ हे जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारातलं. त्यांनी टाकून दिलं, आपण जपून ठेवलंय. भारतात खुशाल लिहा, पण काय करायचं ते स्पष्ट सांगितलं तर काम लवकर होतं. ‘आय हॅव अ डाउट’ हे आपल्या ‘शंका आहे’वरून आलंय, परक्या माणसाला तो संशय वाटू शकतो. ‘क्वेश्चन’ म्हणा. आणि ‘रिव्हर्ट’ जपून. आपण त्याचा अर्थ ‘उत्तर द्या’ असा घेतो, बाहेर त्याचा अर्थ ‘पूर्वीच्या स्थितीवर जा’. ड्रॉइंगच्या मेलमध्ये ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलंत आणि समोरच्यानं जुनं रिव्हिजन लावलं, तर चूक कोणाची?

सराव कसा करायचा, हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी येतो. इंग्रजी पेपर वाचा असं मी सांगत नाही. वाचायचा तर वाचा. तुमचं पुस्तक तुमच्याकडे आहे, शिफ्टचं हँडओव्हर रजिस्टर. किती पार्ट झाले, किती रिजेक्ट, कोणतं मशीन का थांबलं, पुढच्या शिफ्टनं काय करायचं. रोज घरी गेल्यावर तेवढंच तोंडानं इंग्रजीत म्हणा, फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी बसमध्ये ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, माहितेय. पहिले चार दिवस ऐकवत नाही. मग तोच हँडओव्हर एकदा मित्राला सांगतोय असा म्हणा, एकदा मॅनेजरला, एकदा कस्टमरला. माहिती तीच, फक्त कुठं ‘कुड’ येतो आणि कुठं नाही ते जिभेला कळायला लागतं.

बोलणं पुष्कळ झालं. आता खुर्च्या फिरवा आणि शेजाऱ्याच्या पाठीला पाठ लावून बसा. फोनवर चेहरा दिसत नसतो, मान हलवून भागत नाही, म्हणून ही कसरत. एकानं आजच्या शिफ्टचा हँडओव्हर सांगायचा, दुसऱ्यानं प्रत्येक आकडा परत म्हणायचा आणि निदान एकदा ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ विचारायचं. कळलं असलं तरी विचारायचं. तीन मिनिटं. मी घड्याळ लावते. मागच्या रांगेतल्या त्या दादांना आता उठवा.