ताप नक्की कधी आला?

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय : ‘ऋतू बदलतानाचे विषाणूजन्य आजार – ओळख, प्रतिबंध आणि बरं होणं’. तिन्हींवर बोलणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट मला मनापासून मांडायची आहे. दवाखान्यात बाहेर वीस माणसं खोळंबलेली असताना ती कधीच नीट सांगून होत नाही. आज तुम्ही तासभर बसणार आहात, म्हणून सांगते.

घरात कोणाला ताप आला, तर सगळ्यात आधी वार आणि वेळ लिहून ठेवा. गोळीच्या आधी, डॉक्टरांना फोन करण्याच्याही आधी.

मागच्या खेपेला तुम्हाला ताप आला तो कोणत्या वारी, किती वाजता, हे ज्यांना सांगता येईल त्यांनी हात वर करा बरं. चार... पाच. मागच्या ओळीतल्या ताई, तुमचा अर्धाच हात वर आहे, तो मी अर्धाच मोजते. म्हणजे साडेपाच. एवढ्या भरलेल्या सभागृहात!

दवाखान्यात मी विचारते, ताप कधीपासून? बायको म्हणते, तीन दिवस झाले. नवरा म्हणतो, दोन. आणि ज्याला ताप आहे तो म्हणतो, काल रात्रीपासून. तिघंही खरं बोलत असतात. बायको पहिल्या कणकणीपासून मोजते, नवरा थर्मामीटर लावला तिथपासून, आणि रोगी अंथरुणाला खिळला तिथपासून. या तीन उत्तरांत दोन दिवसांचा फरक पडतो आणि तेवढ्या फरकाने तपासणी चुकते, निदान चुकतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या घरात घडलंय.

काही वर्षांपूर्वी माझ्या बाबांना ताप आला. मी दुसऱ्या गावी होते. आई-बाबांसोबत धाकटा भाऊ. बाबांचा स्वभाव असा की आजार लपवता येईल तेवढा लपवायचा. रविवारी दुपारी जेवून उठले आणि थंडी वाजून ताप भरला, पण ‘जरा पडतो’ म्हणून खोलीत गेले ते तसेच. भावाला कळलं मंगळवारी. बुधवारी संध्याकाळी त्याने त्यांना एका रुग्णालयात नेलं आणि त्याच्या माहितीप्रमाणे सांगितलं, काल-परवापासून ताप आहे. फाइलवर लिहिलं गेलं : ताप, दोन दिवस. खरं तर तो चौथा दिवस होता.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं त्या एका ओळीवरून घडत गेलं. शुक्रवारी सकाळी बाबांचा ताप उतरला. त्याच सकाळी डेंग्यूची एनएस-वन तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. ही तपासणी विषाणूचं एक प्रथिन रक्तात शोधते आणि ती भरवशाची असते पहिल्या चार-पाच दिवसांत. नंतर डेंग्यू असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. पाचव्या दिवसाच्या सुमारास शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं दिसू लागतात, तेव्हा आयजीएम तपासणी करायची असते. ती केली नाही. का नाही? फाइलप्रमाणे तो चौथा दिवस होता, आयजीएमसाठी जरा लवकरच. रविवारपासून मोजलं तर सहावा दिवस! म्हणजे एका तपासणीची वेळ टळून गेली होती आणि दुसरीची आली होती, आणि फाइल दोन दिवस मागे चालत होती. रिपोर्ट निगेटिव्ह, ताप नाही, रोगी घरी जायला उतावीळ. दुपारी डिस्चार्ज.

संध्याकाळी भावाचा फोन आला, ‘बाबा एकदम ठीक, ताप नाही.’ मी डॉक्टर आहे, आणि मलाही हायसं वाटलं. रात्री दहा वाजता आईचा फोन. पोट दुखतंय, तीनदा उलटी झाली, हातपाय गार पडलेत. मी विचारलं, आई, पहिल्यांदा ताप कधी आला होता गं? ती म्हणाली, थांब, वही आणते.

तिच्या घरखर्चाच्या वहीत, रविवारच्या पानावर, हिशोबाच्या खाली लिहिलेलं होतं : ‘दुपारी तीन, हुडहुडी, ताप १०२.’ सोमवारी दोन नोंदी, मंगळवारी तीन. शुक्रवारी पहाटे घाम येऊन ताप उतरल्याची वेळही होती. तीन दिवस ती रुग्णालयात बाबांच्या खाटेशी बसून होती, वही पिशवीत होती, आणि तिला कोणी एका शब्दाने विचारलं नाही! औषधं कोणती चालू आहेत, हेसुद्धा भावालाच विचारत होते. हा माझा राग अजून गेलेला नाही. चूक एकट्या त्या रुग्णालयाची नाही, आपल्या सगळ्यांचीच ही सवय आहे. जो बिल भरतो त्याच्याशी बोलायचं, आणि जी उशाशी बसते तिला बाहेर थांबायला सांगायचं.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याची वेळ सुरू होऊ शकते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरण्याच्या आसपास, काही रोग्यांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. हे एक-दोन दिवस चालतं. रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण चढतं, नाडी भरभर चालते, रक्तदाब पडतो. घरचे सगळे प्लेटलेटचा आकडा विचारत बसतात, पण तेवढंच महत्त्व हिमॅटोक्रिटला आहे, लघवी किती होतेय याला आहे, पोटदुखीला आहे. बाबांना त्या रात्री दुसरीकडे हलवलं. पहिल्या फोनवरच मी सांगितलं, ‘सहावा दिवस आहे, ताप पहाटे उतरलाय.’ पलीकडच्या डॉक्टरांनी पुढचा एकही प्रश्न विचारला नाही, म्हणाले, लगेच घेऊन या. मोजून-मापून सलाईन दिलं, दर काही तासांनी रक्त तपासलं, आणि बाबा वाचले.

तापाची अशी नोंद ठेवणं ही वैद्यकातली जुनी शहाणीव आहे. जर्मनीतल्या लाइपझिगच्या डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रोग्यांचं तापमान पुन्हा पुन्हा मोजलं आणि १८६८ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि आकडा स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागत. तरी मोजत राहिले. ताप हा स्वतः रोग नसून लक्षण आहे, आणि वेगवेगळ्या रोगांत तो वेगवेगळ्या तऱ्हेने चढतो-उतरतो, हे त्यांनी तक्ते काढून दाखवलं. आज आपल्या घरात अर्ध्या मिनिटात आकडा दाखवणारं यंत्र आहे, आणि आपण तो बघतो, ‘आहे थोडा’ म्हणतो आणि विसरतो.

घड्याळाकडे बोट दाखवताय, कळलं. वीस मिनिटं उरली आहेत आणि पत्रिकेवरचा विषय अजून सुरूही केलेला नाही. भराभर घेते.

ओळख. साधी सर्दी पायऱ्या चढत येते. आज घसा खवखवतो, उद्या नाक गळतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त, मग उतार. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणू आलेच, असं समजू नका. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा असतो. फ्लू मात्र दार ढकलून येतो. ‘चार वाजता ठीक होतो, पाचला उभं राहवेना,’ असं रोगी स्वतःच सांगतात. फ्लूवरचं ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. वयस्कर, गरोदर किंवा दमा-मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत ते ४८ तास कुठून मोजायचे हे माहीत नसेल, तर काय करायचं? ताप जाऊन दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा ताप, खोकला, धाप सुरू झाली, तर फुप्फुसात जिवाणूंचा नवा संसर्ग झाला असेल, लगेच दाखवा. हा दुसरा चढही वहीतच नीट दिसतो.

खोकल्याबद्दल दोन मिनिटं जास्त घेणार. अमेरिकेत २०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात लोकांना विचारलं, असा खोकला किती दिवस टिकतो? उत्तरं आली साधारण सात ते नऊ दिवस. प्रत्यक्षातली सरासरी निघाली जवळपास १८. म्हणजे आठव्या-नवव्या दिवशी माणसाचा धीर सुटतो, तो अँटिबायोटिक मागतो. विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही. पण दहा-बारा दिवसांनी खोकला आपसूक ओसरतो आणि श्रेय गोळीला जातं. पुढच्या वर्षी तोच माणूस पहिल्याच दिवशी ती गोळी मागतो. वहीत ‘दिवस नववा’ असं दिसलं तर निदान एवढं तरी वाटेल की अजून थांबायला हरकत नाही. तीन आठवडे उलटले, रक्त पडलं, दम लागला किंवा वजन घटलं, तर मात्र थांबू नका.

प्रतिबंध. फ्लूचा रोगी लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच संसर्ग पसरवू शकतो, त्यामुळे ‘आजाऱ्यापासून लांब राहा’ एवढ्याने भागत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना कोपर तोंडाशी न्या, हात साबणाने वीस सेकंद धुवा. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, तिथे साबण आणि पाणीच हवं. फ्लूची लस दर वर्षी घ्यायची, कारण विषाणू बदलतो, आणि संरक्षण यायला दोन आठवडे लागतात. साथ दारात आल्यावर धावू नका. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून पूर्ण डास होईपर्यंतचं चक्र साधारण आठ-दहा दिवसांत पुरं होतं, म्हणून साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ठरल्या वारी ओतून द्यायचं आणि भांडं घासायचं. अंडी काठाला चिकटलेली असतात.

औषधं. डेंग्यूची शंका असेल तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन नाही, अॅस्पिरिन नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुलांना विषाणूजन्य तापात अॅस्पिरिन कधीच नाही. आणि सर्दीच्या संयुक्त गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून प्रत्येक गोळीची वेळ आणि नाव त्याच वहीत लिहा, नाहीतर नकळत मात्रा दुप्पट होते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप दिसला, तर वही नंतर, आधी रुग्णालय. धाप, छातीत दुखणं, भ्रम, झोपेतून नीट जाग न येणं, लघवी बंद होणं, यांनाही तोच नियम.

आणि बरं होणं. हा भाग नेहमी शेवटी उरतो आणि कापला जातो, आज माझ्याच हातून कापला जातोय. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तरच कामावर किंवा शाळेत जायचं. त्यानंतरही फ्लूचा, डेंग्यूचा थकवा दोन-तीन आठवडे राहू शकतो. त्या दिवसांत जोराचा व्यायाम नको. विषाणू कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सुजवतो, म्हणून छातीत धडधड किंवा चालताना दम जाणवला तर तपासून घ्या.

माझ्या आईने वही ताप गेल्यावर बंद केली नव्हती. तेराव्या दिवशी लिहिलंय, ‘अंघोळीनंतर बसावं लागलं.’ सतराव्या दिवशी, ‘वर्तमानपत्र पूर्ण वाचलं.’ सव्विसाव्या दिवशी, ‘जिना न थांबता चढले.’ त्याच्या खाली पुन्हा घरखर्च सुरू होतो.

दहा मिनिटं आहेत, प्रश्न विचारा. आणि विचारताना, कोणाला ताप असेल तर आधी वार सांगा.