माफीनामा लिहायच्या आधी

नमस्कार श्रोतेहो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी मोल्डिंगला होतो, आणि बरीच वर्षं युनियनचा प्रतिनिधीही. आज बोलतोय ते नव्यानं प्रतिनिधी झालेल्यांशी. सुरुवात माझ्याच चुकीनं करतो.

तिसऱ्या पाळीला एक पोरगा झोपलेला सापडला. सकाळी गेटवर तो माझ्याकडं आला. मी घाईत. म्हटलं, "मर्दा, माफी लिहून दे आणि मोकळा हो." त्यानं वहीचं पान फाडून चार ओळी खरडल्या. महिन्याभरानं कंपनीचं आरोपपत्र आलं, त्याला पहिलाच पुरावा म्हणून तेच पान जोडलेलं. एका कडेला फाटलेलं, निळ्या रेघांचं. चौकशीत ते पुढं ठेवलं तेव्हा पोरगा कागदाकडं नाही, माझ्याकडं बघत होता.

तेव्हापासून मी आधी माणसाला चहाला नेतो. काय घडलं ते सगळं ऐकायचं, गैरसोयीचंसुद्धा. आपल्यापासून लपवलेलं चौकशीत बाहेर येतंच. नोटीस नाकारायची नाही. "मिळाली, मजकूर मान्य नाही" असं लिहून तारीख टाकून सही करायची. उत्तराला मुदत मागायची, तीही लेखी. आरोपपत्रातल्या प्रत्येक कागदाची प्रत मागायची. रोजनाम्यात, म्हणजे चौकशीत रोज जे घडतं त्याच्या लेखी नोंदीत, आपली हरकत उतरली का, हे सही करण्याआधी वाचायचं. टेबलावर मूठ आपटलेली रोजनाम्यात येत नाही. बडतर्फीची शिक्षा जास्त वाटली तर ती कमी करायचा अधिकार औद्योगिक विवाद कायद्यातल्या १९७१ च्या दुरुस्तीनं कामगार न्यायालयाला मिळाला, पण तिथं वाचला जातो तो हाच कागद.

चौकशी संपेपर्यंत निलंबन झालं असेल तर घर कसं चालतंय तेही विचारा. पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो. चौकशी त्यापुढं लांबली आणि उशीर कामगारामुळं नसेल, तर ७५ टक्के. हा हक्काचा पैसा आहे, पण मागितल्याशिवाय हलत नाही, असा माझा अनुभव.

आता त्या पोराचं. चहाच्या गाड्यावर त्यानं मला खरं सांगितलं, "डोळा लागला होता, दादा. दहा मिनिटं." म्हणजे झोपलाच नव्हता म्हणण्यात अर्थ नव्हता. मी मस्टर मागवलं. उलटतपासणीत सुपरवायझरला तीनच प्रश्न केले.

"दुसऱ्या पाळीला या जागेवर कोण होतं?"

"हाच."

"तिसऱ्या पाळीला कोण येणार होतं?"

"दुसरा माणूस. तो आला नाही."

"मग याला कुणी थांबवलं?"

सुपरवायझर जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी." चौकशी अधिकाऱ्यानं ते लिहून घेईपर्यंत मी पुढं बोललो नाही. अशा वेळी भाषण ठोकायचा मोह फार होतो, तो आवरा.

बडतर्फी टळली, चार दिवस बिनपगारी निलंबनाच्या शिक्षेवर भागलं. पाचव्या दिवशी पोरगा कामावर आला. त्या आठवड्यात त्याला पहिली पाळी लागेल, एवढं मी बघितलं होतं.