पित्तनलिकेची दुरुस्ती आणि त्यानंतरची वर्षं

श्रोतेहो, नमस्कार.

पित्ताशयातल्या खड्यांची शस्त्रक्रिया हल्ली बहुतेक वेळा दुर्बिणीतून होते आणि पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातो. क्वचित, हजारात तीन ते पाच जणांच्या बाबतीत, पित्ताशयाची नळी समजून पित्ताची मुख्य नलिकाच कापली जाते किंवा तिच्यावर क्लिप बसते. ही नलिका जेमतेम चार-सहा मिलिमीटर रुंद, पण यकृतात तयार होणारं सगळं पित्त तिच्यातूनच आतड्यात उतरतं. तिची दुरुस्ती होते, आणि चांगली होते. मात्र ती यशस्वी झाली की नाही, हे डिस्चार्जच्या दिवशी सांगता येत नाही. आज मला बोलायचंय ते यावरच.

मोठ्या इजेत सहसा लहान आतड्याचा एक भाग मोकळा करून वर यकृतापर्यंत आणतात आणि नलिकेच्या निरोगी टोकाला जोडतात. बारीक, विरघळणाऱ्या धाग्याच्या प्रत्येक टाक्यात नलिकेचं अस्तर आतड्याच्या अस्तराला नीट भिडावं लागतं. जोड रुंद हवा, म्हणून चीर डाव्या यकृतनलिकेवर लांबवतात. एवढी काळजी कशासाठी? जखम भरते तसा व्रण आकसतो आणि जोड अरुंद होऊ शकतो.

अनुभवी हातांनी केलेली दुरुस्ती दहापैकी आठ-नऊ जणांना लाभते. उरलेल्यांचा जोड बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत अरुंद होतो, काहींचा पाच वर्षांनंतर, तर काहींचा दहा वर्षं उलटल्यावरही. म्हणूनच 'आता दोन वर्षं झाली, काही त्रास नाही' म्हणून तपासणी सोडणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

ब्रिटनचे अँथनी ईडन यांचंच पाहा. एप्रिल १९५३ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या पित्तनलिकेला इजा झाली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये डॉ. रिचर्ड कॅटेल यांनी दुरुस्ती केली. पुढे ते पंतप्रधान झाले. पण १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये, इजिप्तच्या सुएझ कालव्यावरून पेच चालू असताना, याच दुखण्याने त्यांना १०६ अंश ताप चढला. जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी बोस्टनला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

तेव्हा थंडी वाजून ताप आला, अंगाला खाज सुटली किंवा लघवी गडद पिवळी झाली, तर साधा ताप समजून घरी गोळ्या घेत बसू नका. डोळे पिवळे होण्याच्या कितीतरी आधी पित्त तुंबल्याची खूण असलेलं रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढू लागतं; म्हणून बरं वाटत असतानाही रक्ततपासणी करायची. शंका आली तर एमआरसीपी, म्हणजे पित्तमार्गाचा एमआरआय. अरुंद झालेला जोड वेळीच सापडला, तर बऱ्याचदा पोट न उघडता, त्वचेतून आणि यकृतातून नळी घालून फुग्याने रुंद करता येतो. वर्षानुवर्षं तुंबलेलं पित्त मात्र यकृत कडक करतं, सिरॉसिस होतो, आणि मग प्रत्यारोपणापर्यंत गोष्ट जाते.

पुढचं बरंचसं पहिल्या दुरुस्तीवरच ठरतं. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या स्ट्यूअर्ट आणि वे यांच्या अभ्यासात, मूळ सर्जननेच केलेल्या पहिल्या दुरुस्त्यांपैकी १७ टक्के यशस्वी ठरल्या. पित्तमार्गाच्या तज्ज्ञांकडे हेच प्रमाण ९४ टक्के होतं. इतकी तफावत असताना पेशंटला तज्ज्ञाकडे पाठवण्यात कोणत्याही सर्जनला कमीपणा वाटू नये. पोटात पित्त साठून जंतुसंसर्ग झाला असेल, तर आधी ड्रेन, म्हणजे साठलेलं पित्त बाहेर काढणारी नळी, टाकून तो आटोक्यात आणावा लागतो. यकृताच्या धमनीलाही इजा झाली असेल, तर पुढची वाट जास्त अवघड.

आणि मनाचं काय? काही पाहण्यांत असं दिसलंय की दुरुस्तीनंतर शरीर सावरतं, मन मागे राहतं. छोट्या शस्त्रक्रियेसाठी गेलेला माणूस महिनोन्महिने नळ्या लावून घरी बसतो. पुढे नुसती कणकण आली तरी धास्तावतो. घरच्यांनी 'आता झालास ना बरा' म्हणून त्याला गप्प करू नये. डॉक्टरांनीही तपासणीच्या वेळी झोपेची, भीतीची विचारपूस करावी.

शेवटी एक कामाची गोष्ट. या जोडानंतर तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण पित्तमार्गापर्यंत सहसा पोचत नाही. त्यामुळे कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे जाताना शस्त्रक्रियेचा तपशील लिहिलेला कागद आणि रक्ताचे जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि 'माझी पित्तनलिका आतड्याला जोडलेली आहे' हे आधी सांगा.

नमस्कार.