फोन शांत असताना करायची कामं

नमस्कार श्रोतेहो.

मोबाईलवरच्या फसवणुकीबद्दल बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण शेवटी एकच सांगतो: सावध राहा. सल्ला चुकीचा नाही, पण फारसा कामाचाही नाही. कारण फसवणारा फोन येतो तोच मुळी तुमचं भान सुटावं अशा बेताने. गॅसवर दूध चढवलेलं असतं, नातवाला शाळेच्या बसमधून उतरवून घ्यायचं असतं, आणि पलीकडून कुणीतरी बजावत असतं की दहा मिनिटांत वीज कापली जाणार. अशा वेळी भल्याभल्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. म्हणून आज बोलायचंय ते फोन शांत असताना, एखाद्या रविवारी दुपारी उरकून ठेवायच्या कामांबद्दल. ती केलेली असली, की ऐनवेळी चूक झाली तरी थोडक्यात निभावतं. कागद-पेन जवळ घ्या, काही आकडे लिहून घ्यावे लागतील.

पहिलं काम एपीके फाइलींचं. व्हॉट्सॲपवर निरोप येतो, ‘आपके वाहन का चालान कटा है’, आणि खाली एक फाइल. कधी ती लग्नाची पत्रिका असते, कधी बँकेचं केवायसी, तर कधी पेन्शनचा कागद. आपल्या इंदूरच्या मोठ्या चौकांत कॅमेरे आहेत, चालान खरोखरच येतं, त्यामुळे शंका यायला जागा राहत नाही. शिवाय निरोप पुष्कळदा ओळखीच्या नंबरावरून येतो. सुदामानगरच्या काकांचा फोन आधीच बाधलेला असतो आणि त्यांच्या नकळत तोच सगळ्यांना फाइल वाटत सुटलेला असतो. तेव्हा ‘अनोळखी नंबरापासून जपा’ एवढ्याने भागत नाही. बघायचं ते फाइलीच्या नावाचं शेपूट. पत्रिका असेल तर शेवटी पीडीएफ किंवा जेपीजी असतं. एपीके असेल तर तो कागद नव्हे, ते ॲप आहे.

हे ॲप आत शिरल्यावर आधी एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि त्याच क्षणी त्याची प्रत भामट्याकडे जाते. मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी. ही सोय मुळात दृष्टिबाधितांसाठी आहे, कारण तिच्यामुळे ॲपला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. चोराला याहून अधिक काय हवं? काही ॲपं त्यानंतर स्वतःचं चिन्हच लपवतात, आणि काढायला गेलात तर ‘अनइन्स्टॉल’चं बटण दबतच नाही, कारण त्यांनी ‘डिव्हाइस ॲडमिन’चा हक्क घेऊन ठेवलेला असतो.

याचा बंदोबस्त एका जागी होतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये वर शोधायची चौकट असते, तिथे ‘अननोन ॲप्स’ असं टाइप करा. ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ नावाची यादी उघडेल. तिच्यात व्हॉट्सॲप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल्स, या प्रत्येकासमोर ‘नॉट अलाउड’ असायला हवं. एखाद्यासमोर ‘अलाउड’ दिसलं तर बंद करा. एवढं केलं की चुकून फाइलीवर बोट पडलं तरी फोन आधी अडवतो. मग प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या स्वतःच्या चित्रावर दाबा, ‘प्ले प्रोटेक्ट’मध्ये जा आणि स्कॅनिंग चालू आहे ना ते पाहा. कोणी ‘हे जरा बंद करा, नाहीतर ॲप चालणार नाही’ म्हणालं, तर संभाषण तिथेच संपवा. आणि चालान खरं की खोटं ते परिवहन खात्याच्या ई-चालान संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून बघता येतं.

समजा, ॲप पडलंच. तर सर्वांत आधी फ्लाइट मोड लावा, वाय-फायही बंद करा. याने ओटीपी बाहेर जाण्याची वाट तुटते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, खातं आणि कार्ड थांबवा. ते झाल्यावर फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करा. बहुतेक फोनवर पॉवरचं बटण दाबून आलेल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. मग सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ शोधून त्या ॲपचा हक्क काढा, ॲक्सेसिबिलिटीतूनही काढा, आणि मगच ॲप काढून टाका. तो निरोप आणि ज्या नंबरावरून आला तो नंबर यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा; तक्रारीला लागतात. त्यानंतर फोन पूर्ण कोरा करणारा ‘फॅक्टरी रीसेट’ केलेला बरा. फोटो आणि नंबर परत घ्या, ॲपं मात्र जुन्या बॅकअपमधून न आणता प्ले स्टोअरवरूनच नव्याने घ्या.

आता विजेच्या बिलाचा निरोप. ‘आज रात साढ़े नौ बजे बिजली काट दी जाएगी’, आणि खाली दहा आकडी मोबाईल नंबर. स्मार्ट मीटर दुरूनच बंद करता येतो हे आता घरोघरी ठाऊक झालंय, म्हणून धमकी खरी वाटते. त्या नंबरावर फोन केला की पलीकडचा गृहस्थ अगदी सौजन्याने सांगतो, ‘बिल भरलंय, पण अपडेट झालेलं नाही, फक्त दहा रुपये भरा’, आणि एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा क्विकसपोर्ट घ्यायला लावतो. ही ॲपं स्वतः चोर नाहीत, दुरून संगणक दुरुस्त करणारे ती रोज वापरतात. पण ती चालू असताना तुमचा पडदा त्याला दिसतो: कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, वरून घसरत येणारा ओटीपी. गळाला लावलेलं आमिष दहा रुपयांचं, हात खात्यात. शंका आली तर वीज कंपनीचा १९१२ हा नंबर लावा आणि ग्राहक क्रमांक सांगून विचारा.

एसएमएस कोणाकडून आलाय ते ओळखायची एक सोपी खूण आहे. कंपन्यांचे आणि सरकारचे अधिकृत एसएमएस मोबाईल नंबरावरून येत नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतात. आणि त्या नावाच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक अक्षर असतं. जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी निरोपाला जी. वीज तोडण्याची नोटीस दहा आकडी नंबरावरून आली तर ती नोटीसच नव्हे. तसंच बँकांच्या संकेतस्थळांचं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. पत्त्याचा शेवट तसा नसेल तर पासवर्ड टाकू नका. आणि ग्राहकसेवेचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे कोणीही जाहिरात देऊन वर बसू शकतो. नंबर घ्यावा तो कार्डाच्या पाठीवरून, नाहीतर पासबुकावरून.

राजवाड्याच्या आसपास ज्यांची दुकानं आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. गिऱ्हाईक फोनचा पडदा दाखवून ‘हो गया भैया’ म्हणतो. तो पडदा खोट्या ॲपनेही बनवता येतो. पैसे आले हे तुमच्या साउंडबॉक्सने किंवा तुमच्या ॲपने सांगायला हवं, त्याच्या फोनने नव्हे. रोज सकाळी दुकान उघडल्यावर घरच्या फोनवरून आपल्याच क्यूआरवर एक रुपया टाका आणि नाव कोणाचं येतं ते पाहा. रात्रीत कोणी आपल्या स्टिकरवर स्वतःचं चिकटवून गेला असेल, तर तिथेच कळतं.

यूपीआयचा नियम ठरलेला आहे: पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. पूर्वी ‘रिक्वेस्ट’ पाठवून पिन टाकायला लावणारे फार होते. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने बंद केली आहे. व्यापाऱ्याकडून येणारी मागणी मात्र अजून चालू आहे, तेव्हा पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरचं नाव आणि रक्कम वाचा. त्याहून पक्का उपाय म्हणजे वेगळं खातं. निवृत्तीचे पैसे ज्या खात्यात आहेत ते यूपीआयला जोडूच नका. दुसरं एक बचत खातं उघडा, त्यात महिन्याच्या भाजी-दुधापुरते चार-पाच हजार ठेवा आणि यूपीआय त्याला जोडा. हे थोडं कटकटीचं आहे, महिन्यातून एकदा पैसे हलवावे लागतात. पण आज सांगितलेल्या कामांतलं एकच करणार असाल तर हे करा. कार्डावरचे परदेशी व्यवहारही बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येतात. परदेशी जायचं नसेल तर ते चालू ठेवण्याचं कारण काय?

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट, मग ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’. सहा आकडी पिन ठेवा, ईमेलही द्या, नाहीतर पिन विसरलात की अडून बसाल. हा पिन असला, की एसएमएसचा कोड पळवला गेला तरी तुमचं खातं दुसऱ्या फोनवर उघडत नाही. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्येही डोकावा. तिथे ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर लॉग आउट करा.

कधी कुरिअरवाला म्हणवणारा सांगतो, ‘स्टार एकवीस स्टार दाबून हा नंबर लावा, पार्सल लगेच येईल’. काही कंपन्यांत तो आकडा चारशे एक असतो. याने तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात, आणि फोनवर बोलून सांगितले जाणारे ओटीपीही त्यालाच मिळतात. असं काही दाबलं गेलं असेल तर हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश लावा. सगळं वळवणं रद्द होतं.

फोन चोरीला गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात. पडद्याचं कुलूप इथे उपयोगाचं नाही. सिमला स्वतःचा पिन असतो, तो सिक्युरिटीमध्ये ‘सिम लॉक’खाली लावता येतो. पण मूळ पिन कंपनीला विचारल्याशिवाय हात लावू नका. तीनदा चुकला की सिम अडतं, मग पीयूके नावाचा सुटकेचा कोड मागतं, आणि तो दहा वेळा चुकला तर सिम कायमचं गेलं. आणि आत्ताच स्टार हॅश शून्य सहा हॅश लावून दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा पंधरा आकडी ओळखक्रमांक, कागदावर लिहून ठेवा. चोरीनंतर दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर फोन बंद करायला तोच लागतो, आणि तेव्हा फोन हातात नसतो. जेल रोडवर दुरुस्तीला फोन देतानाही सिम काढून घ्या, आणि फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ किंवा ‘रिपेअर मोड’ असेल तर तो लावून द्या. कारागीर भला असेलही, पण स्क्रीन बदलायला त्याला तुमचे फोटो कशाला लागतात?

पेन्शनरांसाठी एक वेगळी गोष्ट. आधारवर अंगठा लावून खात्यातून पैसे काढता येतात, त्यामुळे अंगठ्याची नक्कल करून पैसे काढणारेही निघाले. माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बायोमेट्रिक लॉक’ करता येतं. अडलं तर १९४७ या नंबरावर विचारा. लॉक असताना अंगठा, डोळे, चेहरा, काहीच चालत नाही. म्हणून नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना ते तात्पुरतं उघडावं लागतं. तो दाखला फोनवरून ‘जमा करून देतो’ म्हणणाऱ्याला पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर देऊ नका.

पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करणाऱ्यांबद्दल, म्हणजे डिजिटल अरेस्टबद्दल, इतकं बोललं गेलंय की मी थोडक्यात आटोपतो. व्हिडिओ कॉलवर अटक करणारा कायदा भारतात नाही. फोन कापायचा आणि घरातल्या कोणाला तरी सांगायचं. ‘कोणाला सांगू नका’ हीच त्या लोकांची सगळी ताकद आहे.

आणि पैसे गेलेच तर? १९३०. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय नंबर आहे, मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावून ठेवा. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते आणि रक्कम तिथेच असेल तर ती अडकवली जाते. तिथून पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला. भामटे पैसे पाच-सहा खात्यांतून फिरवतात आणि एटीएममधून काढतात; एकदा नोटा हातात पडल्या की साखळी तुटली. म्हणून ‘मुलगा संध्याकाळी पुण्याहून फोन करेल तेव्हा त्याला विचारू’ असं करू नका. बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. मिळालेला पोचक्रमांक लिहून घ्या आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर उरलेली माहिती त्याच दिवशी भरा.

बँकेकडेही वेगळी तक्रार करा आणि तिचा क्रमांक आणि वेळ मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच बोजा पडत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. सगळा फरक त्या वेळेच्या नोंदीवर पडतो. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीचा नंबर १४४४८.

तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला दोन हजार फी भरा’. फसलेल्यांचे नंबर भामटे एकमेकांना पुरवतात, म्हणून त्याला तुमची रक्कमही बरोबर ठाऊक असते. अडकवलेली रक्कम परत मिळते ती थेट तुमच्या खात्यात, आणि त्यासाठी कोणाच्या यूपीआयवर फी भरावी लागत नाही. पैसे भरले नसतील तर तो नंबर संचार साथीवरच्या ‘चक्षू’ या संशयित फोन कळवण्याच्या सोयीवर कळवा, भरले असतील तर पुन्हा १९३०, नवी तक्रार, नवा पोचक्रमांक.

नमस्कार.