सागाच्या पानावरची जाळी

ऑक्टोबर लागला की विदर्भातल्या सागाच्या रानात जा. एक पान उचला आणि उन्हाकडे धरून बघा. शिरा तेवढ्या शाबूत. मधला हिरवा गर कुणीतरी निगुतीनं खरवडून नेलाय. सुपाएवढं पान आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसतंय. डोंगरच्या डोंगर असे तांबूस, करपल्यासारखे होतात. रस्त्यानं जाणारा हळहळतो, ‘रान मेलं!’

रान मेलेलं नसतं. ही जाळी युटेक्टोना नावाच्या पतंगाची अळी करते. ती वाढते पावसाळा सरता सरता, पान जून झाल्यावर. थोड्या दिवसांनी ते पान गळणारच असतं.

सागाला महागात पडते ती दुसरी अळी, हिब्लिया प्युएरा. सागाला नवी पालवी फुटते, तळहातावर चोळली तर हात लाल करणारी, तेव्हाच हिचा पतंग अंडी घालतो. अळी पानाची कड कातरते, दुमडते, रेशमाच्या धाग्यानं टाचते आणि त्या आडोशात राहून खात सुटते. अळ्यांचं पीक आलं की झाडाखाली क्षणभर गप्प उभे राहा. वरून भुरभुर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. त्या लेंड्या असतात.

केरळात निलांबूरच्या कोवळ्या सागवनांत केरळ वन संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी सलग पाच वर्षं मोजमाप केलं. काही झाडं औषध मारून राखली, काही अळ्यांवर सोडून दिली. १९८५ साली निष्कर्ष आले. राखलेल्या झाडांचं लाकूड वर्षाला हेक्टरी ६.७ घनमीटरनं वाढलं, सोडलेल्यांचं ३.७ नं. म्हणजे ४४ टक्के वाढ हिब्लियाच्या अळ्यांच्या पोटात गेली. आणि डोंगर करपल्यासारखे करणारी ती जाळीवाली? तिच्या नावावर म्हणण्यासारखी तूट निघालीच नाही. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण नुसत्या डोळ्यांनी आपण भलत्याच अळीला दोषी धरलं असतं.

उजाड माळावर पुन्हा रान उभं करायचे आराखडे होतात, तेव्हा हा हिशेब कुठे मांडलेला दिसत नाही. झपाट्यानं वाढणारं, गुरं तोंड लावत नाहीत असं झाड निवडलं जातं. मैलभर एकाच जातीची झाडं लावली, तर त्याची अळी एका झाडावरून दुसऱ्यावर विनासायास पसरते. आणि जिथे कुणालाच खाण्याजोगं पान नाही, तिथे पाखरू पिलांना भरवणार काय? फुलांतला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांच्या चोचीत किडेच घालतो.

गडचिरोलीत आरमोरीच्या बाजूला चला. इथे ढिवर समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात. हिरवीगार, बोटाएवढी अळी ऐनाचं पान कडेपासून खात देठापर्यंत येते. पाखरांनी आणि मुंग्यांनी तिला नेऊ नये म्हणून माणूस दिवसभर झाडाखाली राखण करतो. अळी मोठी झाली की फांदीला कोसा, म्हणजे रेशमाचा कोष, लटकतो.

रोपांच्या यादीत झाडाच्या नावापुढे आणखी एक रकाना हवा : याचं पान कोण खातं आणि केव्हा? ऐनापुढे काय लिहायचं, ते आरमोरीचा राखणदार सांगेल.