डिमॅजिओ गाण्यात कसा आला

दिनांक २५ एप्रिल १९९९. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये, सेंटर फील्डच्या हिरवळीवर, गायक-गीतकार पॉल सायमन गिटार घेऊन एकटा उभा आहे आणि ‘मिसेस रॉबिन्सन’ गातो आहे. याच मैदानात याच जागी वर्षानुवर्षे क्षेत्ररक्षण करणारा बेसबॉलपटू जो डिमॅजिओ ८ मार्चला निवर्तला होता. गाण्यात तो येतो अगदी शेवटी: तू गेलास तरी कुठे, असे गायक त्याला विचारतो आणि सारा देश एकाकी डोळ्यांनी तुझ्याकडे पाहतो आहे, असे सांगतो.

आता १९४१ मधली ही कृष्णधवल दृश्ये पाहा. पाय फाकवून, बॅट जराही न हलवता उभा असलेला हा फलंदाज सिसिलीहून अमेरिकेत आलेल्या एका कोळ्याचा मुलगा. त्या वर्षी १५ मे ते १६ जुलै या काळात लागोपाठ ५६ सामन्यांत त्याने किमान एक तरी हिट मारली, म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठला. तो विक्रम आजही अबाधित आहे. यँकीजकडून तो १३ हंगाम खेळला आणि त्यांतल्या ९ हंगामांत संघ जगज्जेता ठरला.

गाणे जुळून आले ते १९६७ मध्ये. दिग्दर्शक माइक निकल्स यांना ‘द ग्रॅज्युएट’ या चित्रपटासाठी गाणी हवी होती आणि सायमनपाशी एक अर्धवट गाणे होते, सरलेल्या काळाविषयीचे, ज्यात मिसेस रूझवेल्ट, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर, होत्या. रूझवेल्टच्या जागी चित्रपटातल्या पात्राचे नाव रॉबिन्सन आले तरी चाल जराही अडखळली नाही. गूढार्थ शोधणाऱ्यांनी आधी हे वजन कानांनी तोलून पाहावे, असे आम्हांला वाटते. गंमत म्हणजे डिमॅजिओची ओळ चित्रपटात नाहीच. ती आली १९६८ च्या ध्वनिमुद्रिकेत. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची. केनेडी गेले तेव्हा हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते आणि हरवलेल्या नायकाचा अर्थ श्रोत्यांना वेगळा सांगावा लागला नाही.

खुद्द डिमॅजिओने मात्र ओळ शब्दशः घेतली. आपण कुठेही गेलेलो नाही, कॉफीयंत्राच्या जाहिरातीत दिसतो, असे तो एका रेस्टॉरंटमधल्या भेटीत सायमनला म्हणाला. सायमनने खुलासा केला, तो त्याला पटला.

सायमनचा लाडका खेळाडू खरे तर यँकीजचाच मिकी मँटल. डिक कॅव्हेट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या वेळी मँटलनेच त्याला विचारले, की गाण्यात माझे नाव का नाही? सायमनने सांगितले, प्रश्न अक्षरांचा आहे, किती ठोके पडतात त्याचा. इंग्रजी उच्चारात मिकी मँटलची अक्षरे भरतात चार. त्या ओळीला पाच लागत होती.