प्लांट नाही, गोठा आहे तो

मंडळी, हा काचेचा एक लिटरचा जार टेबलावर ठेवलाय तो कशासाठी ते नंतर सांगतो, फक्त त्याला हलवू नका. आत काकवीच्या रंगाचं पाणी आहे, दुपारीच एका सांडपाणी प्लांटच्या टँकमधून भरून आणलंय.

आपल्या कोल्हापुरात नदीचा विषय निघाला की लगेच जयंती नाला, दुधाळी नाला, त्यावरून दोन शिव्या आणि मग चहा. पण कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येऊन जी पंचगंगा होते ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळेपर्यंत एकट्या कोल्हापूर-इचलकरंजीचंच पाणी घेत नाही, मधली सगळी लहान गावंपण तिच्यातच सोडतात. साधा हिशोब करा. 25 हजार वस्तीचं गाव, माणशी रोज 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के मोरीतून बाहेर पडतं असं धरतात, म्हणजे रोजचं 27 लाख लिटर. आणि उन्हाळ्यात पाणी अडवायला बंधाऱ्याला बरगे, म्हणजे फळ्या, घातल्या की नदी वाहतेय कुठं, ती डबकंच होते, मग साबणातलं फॉस्फरस खाऊन केंदाळ माजतं आणि तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेले मासे तरंगले की आपण फोटो काढतो.

आता प्लांट. लोकांना वाटतं मशीन आहे, बटण दाबलं की पाणी स्वच्छ. तसं नसतंय हो. मी त्याला गोठा म्हणतो. टँकमध्ये कोट्यवधी जिवाणू असतात, ते घाण खातात, आणि त्यांना श्वास घ्यायला ब्लोअरनं खालून हवा सोडावी लागते, सलग, रात्रंदिवस. म्हशीला कसं, आज वैरण नाही, परवा दुप्पट घालतो म्हणून चालत नाही ना, तसंच.

मी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट, गाव सांगत नाही. शनिवारी रात्री लाईट गेली, जनरेटर होता पण डिझेल संपलेलं, आणि सोमवारपर्यंत कुणी फिरकलं नाही. सोमवारी बघतो तर तपकिरी पाणी काळं झालेलं आणि नासक्या अंड्याचा वास, गेटपासूनच. टँक नवा, पंप नवे, सगळं चकाचक, आतली जनावरं मेलेली. दुसऱ्या प्लांटवरून टँकरनं चांगला स्लज, म्हणजे जिवाणूंचा जिवंत गाळ, आणून विरजण लावल्यासारखं लावलं तेव्हा कुठं तीन आठवड्यांनी गाडी रुळावर आली, आणि तोवरचं सगळं पाणी गेलं कुठं, तर ओढ्यात. त्या दिवसापासून मी उद्घाटनाच्या फितीपेक्षा लाईटबिल आधी बघतो. प्लांट बांधायला निधी मिळतो, पण चालवायला मिळवताना दमछाक होते.

ज्या गावात गटारच धड नाही तिथं एवढा मोठा प्लांट घालूच नये असं माझं मत, राग आला तर आला. घराघरातल्या सेप्टिक टाकीचा मैला दर दोन-तीन वर्षांनी उपसा, तो गाडीवाला रात्री ओढ्यात ओततो का तेवढं बघा, आणि गटाराच्या तोंडाला खडी-वाळूत कर्दळ लावलेले वाफे करा. त्याला जागा लागते पण ब्लोअर लागत नाही, आणि कर्दळीला लाईट गेल्याचं कळतपण नाही.

आता जार. खरं अर्ध्या तासानं बघायचं असतं, मी बोलत बसलो. बघा, गाळ 250 च्या खुणेपाशी बसलाय आणि वरचं पाणी नितळ आहे, पलीकडचं घड्याळ दिसतंय त्यातून. गाळ बसलाच नाही तर ऑपरेटरनं समजायचं गोठ्यात काहीतरी बिघडलंय, त्याला लॅबच्या रिपोर्टची वाट बघायला नको. झाकण काढून हुंगा, घाबरू नका, पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येईल. हां, आणि ते दोन-चार गोळे वर यायला लागलेत ना, खालची हवा संपली की नायट्रोजनचे बुडबुडे धरतात आणि ते गोळे उचलून वर आणतात. म्हणजे आता त्यांना परत न्यायला पाहिजे. प्रश्न विचारा पटापट, मी तोवर जार कॅनमध्ये ओततो.